नवेगावबांधचा एक दिवस: तलाव आणि जंगलातले पक्षी कसे पाहावेत

बांधलेल्या तलावाचे पाणी पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बांधाजवळ, सगळ्यात खोल असते. पाळीपासून दूर, जिकडून पावसाचे पाणी आत येते त्या बाजूला ते उथळ होत जाते आणि शेवटी नुसता ओला चिखल उरतो. एवढी गोष्ट डोक्यात पक्की असली की अगदी नवखा माणूसही तलावावर पोहोचताच अंदाज बांधू शकतो की बुडी मारणारी बदके कुठे असतील, चिखलात चोच खुपसणारे पक्षी कुठे आणि कमळाच्या पानांवरून चालणारे कुठे. आधी जागा पाहा, मग पक्षी तिथे काय करतो आहे ते पाहा आणि नाव सगळ्यात शेवटी शोधा, असा माझा प्रत्येक नव्या निरीक्षकाला आग्रह असतो. नावापासून सुरुवात करणारा माणूस दिवसभर पुस्तकाची पाने उलटत बसतो आणि समोरचा पक्षी उडून जातो.

ही पद्धत शिकायला गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधसारखी जागा शोधून सापडणार नाही. डोंगरांच्या कुशीत सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव आणि त्याला लागूनच साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूचे जंगल. कोलू पाटील कोहळी यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हा तलाव बांधला असे मानले जाते. भंडारा-गोंदियाच्या कोहळी समाजाने पाण्याचा उतार ओळखून, डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने अडवून असे तलाव उभे केले. या भागात हजारोंच्या संख्येने असलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच परंपरेतले. ते बांधले भातशेतीसाठी, पण त्यांचा मंद उतार पाणपक्ष्यांच्या फार कामी आला. उभ्या काठाच्या आधुनिक जलाशयात असे उथळ पट्टे क्वचितच मिळतात.

१९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. २०१३ मध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव अभयारण्य यांच्यासह त्याचा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वन खात्यात असताना मारुती चितमपल्ली यांनी नोकरीची बरीच वर्षे याच परिसरात काढली आणि इथल्या पाण्या-जंगलाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले.

कधी जावे

तलावासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. मध्य आशियातून आणि हिमालयापलीकडून आलेली बदके तोवर स्थिरावलेली असतात. नोव्हेंबरात पाणी तुडुंब असते, काठ बुडालेले असतात आणि पक्षी विखुरलेले. पाणी जसे उतरत जाते तसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि जानेवारीपासून तिथे गर्दी वाढते. म्हणून एकाच तलावावर डिसेंबरात आणि फेब्रुवारीत गेलात तर पक्ष्यांची जागा सरकलेली दिसेल.

जंगलासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च अधिक चांगला. पानगळ झालेली असते, फांद्या मोकळ्या असतात आणि पळस फुललेला असतो. दोन्ही एका दिवसात साधायचे असेल तर फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा निवडा. बदके अजून गेलेली नसतात आणि पळसाला बहर आलेला असतो. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानातले पर्यटन बंद असते, तेव्हा तो काळ सोडून द्या.

पोहोचायला नागपूरहून भंडारा, साकोली मार्गे गाडीने साधारण तीन तास धरा. रेल्वेने यायचे तर गोंदिया–बल्लारशा मार्गावरचे देवलगाव हे जवळचे स्थानक आहे, पण तिथे गाड्या मोजक्याच थांबतात. त्यामुळे गोंदियाला उतरून पुढे बस किंवा गाडी करणे अधिक सोयीचे. काहीही करा, पण आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोहोचा. नागपूरहून पहाटे निघून सूर्योदयाला तलावावर उभे राहायचा बेत झोपेची आणि सकाळची, दोन्हींची माती करतो.

आदल्या संध्याकाळची कामे

पहिले काम, रस्ता आणि परवानगी. जंगल सफारीचे आरक्षण वन विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून आधीच करून ठेवा आणि प्रवेशद्वार कोणत्या वारी बंद असते ते तेव्हाच तपासा. तलावकाठच्या कोणत्या भागात पायी फिरता येते, हे तिथल्या वनरक्षकालाच विचारा. हा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे. नकाशावर पायवाट दिसते म्हणून तिच्यावर चालायचे नसते.

दुसरे काम, नकाशा उघडून सूर्य कुठून उगवणार आणि तुम्ही कुठे उभे राहणार हे ठरवणे. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहायचे, संध्याकाळी त्याच्या उलट. सूर्य पाठीशी असला की बदकाच्या डोक्यावरची हिरवी झाकही दिसते. सूर्य समोर असला तर सगळे पक्षी काळेच, मग दुर्बीण कितीही महागाची असो.

दुर्बिणीबद्दल थोडे सविस्तर. ८×४२ ही सर्वांत कामाची. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण तलावावर बरी वाटते, पण हात हलला की चित्रही तेवढेच जास्त हलते, आणि जंगलात तिच्यातून पक्षी शोधणे अवघड जाते. दुर्बीण आधी आपल्या डोळ्यांना लावून घ्यावी लागते आणि हे काम बहुतेक लोक कधीच करत नाहीत. मधला सांधा दुमडून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसेपर्यंत डोळ्यांमधले अंतर जुळवा. मग उजवा डोळा मिटून, मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची एखादी पाटी स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ती कडी पुन्हा हलवायची नाही, यापुढे फक्त मधले चाक. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा आणि डोळ्यांजवळचे रबरी कप खाली करा.

पक्षी दुर्बिणीत आणण्याची युक्ती त्याच संध्याकाळी अंगणात करून पाहा. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण वर उचलून डोळ्यांपुढे आणायची. खाली पाहून दुर्बीण घ्यायची आणि मग पक्षी शोधायचा, असे केले की तो सापडत नाही.

सोबत कोणाकडे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप असेल तर तलावाच्या मधोमध बसलेल्या थव्यासाठी त्याचा फार उपयोग होतो, पण पहिल्या दिवशी त्यावाचून अडत नाही. छोटी वही, शिसपेन्सिल, पाण्याची बाटली, टोपी आणि मळकट हिरवे किंवा खाकी कपडे घ्या. पांढरा शर्ट नको. पहाटे थंडी दहा अंशांच्या आसपास उतरते आणि पाण्याकाठी ती जास्तच बोचते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हवी. दुपारी दोन्ही काढून पिशवीत टाकावे लागतात.

फोनमध्ये पक्षी ओळखायला मदत करणारे मर्लिन आणि नोंदी ठेवायचे ईबर्ड ही दोन्ही अ‍ॅप आणि त्यांची भारतातल्या पक्ष्यांची माहिती आधीच उतरवून ठेवा. जंगलात नेटवर्कचा भरवसा नाही.

पहाट: काठावर एका जागी बसणे

जानेवारीत इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला काठावर पोहोचा, एखाद्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसा आणि पहिला अर्धा तास दुर्बीण उचलूच नका. ऐका. अंधारात अडईची शीळ तलावावरून फिरत असते. टिटवी कुठेतरी ओरडते. पाणकोंबड्यांची कुरबुर पाणकणसांच्या बेटातून येते. आवाज कोणत्या बाजूने येतो ते लक्षात ठेवा, उजाडल्यावर तिकडेच पाहायचे आहे.

बसायचे का, तर काठाने चालणारा माणूस दर पन्नास पावलांना एक थवा उडवतो. बसलेल्या माणसाला पक्षी पंधरा-वीस मिनिटांत विसरतात आणि हळूहळू जवळ येतात. ज्यांनी उडून जाण्यात आपली ताकद घालवली, ते पक्षी हजारो किलोमीटरचा प्रवास करून इथे पोट भरायला आलेले असतात हेही ध्यानात असावे.

उजाडले की तलावाचे पट्टे पाडा.

पाळीकडचे खोल पाणी प्रथम बघा. इथे बुडी मारणारे असतात. टिबुकली दिसायला सगळ्यात सोपी. तपकिरी, गोलमटोल, बदकाहून बरीच लहान, क्षणात पाण्याखाली जाते आणि भलतीकडेच वर येते. मोठी लालसरीचा नर लांबूनही ओळखू येतो, नारिंगी डोके आणि लाल चोच. शेंडी बदकाचा नर काळा-पांढरा आणि डोक्यामागे लोंबती शेंडी. पाणकावळे एकत्र मासेमारी करताना दिसतील, आणि खुंटावर पंख पसरून वाळवत बसलेला, सापासारख्या मानेचा पक्षी तिरंदाज असेल. काळा रंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले शेकडो पक्षी म्हणजे वारकरी. नवखे लोक त्यांना बदके समजतात. त्यांची चोच पाहा, ती कोंबडीसारखी टोकदार आहे, चपटी नाही.

त्याच्या अलीकडे गुडघा-कंबरभर पाण्याचा पट्टा. इथे वरच्यावर खाणारी बदके. तलवार बदक शेपटी आकाशाकडे करून उभे राहते आणि लांब मान खाली सोडून तळातले खाते, त्यामुळे इतरांना जमत नाही तेवढ्या खोलीवर ते चरते. थापट्या पाण्याच्या पृष्ठभागावर फावड्यासारखी चोच सरपटवत पुढे जातो, अनेकदा चार-पाच जण गोल गोल फिरत. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपके. ते इथेच बारमाही राहते. थव्यात दोन-चार वेगळी दिसली की माद्यांच्या फंदात पडू नका. बदकांच्या माद्या एकमेकींसारख्याच तपकिरी असतात. त्या कोणत्या नरांसोबत आहेत ते पाहा आणि उडताना पंखावरचा रंगीत पट्टा टिपा.

खोल पाण्यातले आणि उथळ पाण्यातले बदक उडण्यावरूनही वेगळे करता येते. उथळ पाण्यातले एका झेपेत सरळ वर उठते. बुडी मारणारे मात्र पाण्यावर पाय आपटत लांबवर धावते आणि मग हवेत जाते. कारण बुडी मारण्यासाठी त्याचे पाय शरीराच्या मागच्या भागात सरकलेले असतात. हा फरक एकदा दिसला की मग लांबच्या काळ्या ठिपक्यांवरूनही अर्धे उत्तर मिळते.

तिसरा पट्टा कमळ, शिंगाडा आणि पाणवनस्पतींचा. माझा जीव याच पट्ट्यात अडकतो. कांस्यपंखी कमळपक्षी पानावरून पानावर चालत असतो आणि पान बुडत नाही, कारण त्याची बोटे नि नखे इतकी लांब आहेत की वजन सगळ्या पानावर पसरते. त्याला दहा मिनिटे नीट पाहा. तो चोचीने पानाची कड उचलतो, उलटवून धरतो आणि खालचे किडे-गोगलगाई टिपतो. पावसाळ्यात याच्या संसारात नर अंडी उबवतो, पिले वाढवतो, आणि मादी एकाहून अधिक नरांसाठी अंडी घालते. जवळच अगदी लहान, पांढरट, इवल्या चोचीची बदके तरंगताना दिसली तर ती काणूक. जांभळी पाणकोंबडी वनस्पतीचे देठ पायाच्या पंजात धरून, हाताने खावे तसे खाते.

शेवटचा पट्टा चिखलाचा. तिथे शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर चालतो, तुतारी शेपूट नाचवते, धोबी धावतो. उघड्या चोचीचा करकोचा पाण्यातल्या मोठ्या गोगलगाई शोधतो. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते, आणि ही फट फक्त प्रौढ पक्ष्याला असते. पिलांची चोच सरळ असते, म्हणून फट नसलेला करकोचा दिसला की लगेच वेगळी जात ठरवू नका.

सगळा थवा एकदम उठला तर बदकांकडे न पाहता आकाशाकडे पाहा. पाणकणसांवरून पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, खाली झुकत-तरंगत येणारा दलदली भोवत्या बहुधा त्यामागे असतो. एखादे दिवशी पांढऱ्या पोटाची मीनखाई घार वरून पाय पुढे करून पाण्यात आदळते आणि मासा घेऊन वर येते.

राजहंस, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, नशिबात असेल तर मोकळ्या काठावर विसावलेला मिळेल. हे पक्षी रात्री शेतात चरतात आणि दिवसा पाण्याजवळ आराम करतात, तेव्हा सकाळी उशिराही त्यांची वाट पाहायला हरकत नाही. एखाद्याच्या मानेत रंगीत पट्टी आणि तीवर अक्षरे दिसली तर रंग, अक्षरे, वेळ आणि जागा लिहून घ्या आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची ही संस्था भारतातल्या पक्ष्यांना कडी घालण्याचे काम पाहते. तुमच्या एका ओळीवरून तो पक्षी कुठून निघाला हे समजू शकते.

काठावर ढीवर बांधव जाळे काढत असतील तर त्यांना नमस्कार करून विचारा, "काका, सकाळची बदके कुठल्या अंगाला असतात?" ते रोज या पाण्यावर असतात, त्यांच्याएवढा तलाव कोणाला माहीत नाही. मात्र पक्ष्यांच्या जवळ नेण्यासाठी त्यांच्या डोंग्याचा आग्रह धरू नका. थवा उठवून काढलेल्या छायाचित्राचे मोल त्या पक्ष्यांच्या सकाळच्या चाऱ्याएवढे नक्कीच नसते.

थवा कसा मोजायचा

"खूप बदके" अशी नोंद कोणाच्याच कामाची नाही. आधी दहा पक्षी एकेक करून मोजा. ते दहा थव्याचा केवढा तुकडा व्यापतात ते डोळ्यांत साठवा. मग तेवढे तेवढे तुकडे पुढे सरकत मोजत जा. मोठ्या थव्याला पन्नासचा तुकडा घ्या. दोनदा मोजा, दोन्ही आकडे वेगळे आले तर मधला लिहा. पहिले काही वेळा अंदाज चुकेल, पण तरीही आकडा लिहायचाच. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत हेच काम हजारो लोक करतात, आणि त्यातूनच कोणता तलाव ओस पडत चालला हे कळते.

नऊच्या पुढे: काठ जिथे जंगलाला मिळतो

नऊपर्यंत पाण्यावरची लगबग मंदावते. गावात जाऊन तर्रीपोहे आणि चहा घ्या, अर्धा तास पुरे. मग जंगलाकडे वळा.

जंगलात शिरण्यापूर्वी काठावरच्या जुन्या झाडांपाशी थांबा. अडई, काणूक आणि नकटा ही तीनही इथली बारमाही बदके पावसाळ्यात झाडांच्या ढोलीत घरटी करतात. म्हणजे ही बदके टिकवायची तर पाण्याबरोबर काठावरचे म्हातारे, पोकळ ऐन-अर्जुनही टिकवावे लागतात. तलाव आणि जंगल एकाच दिवशी पाहावे असे मी म्हणतो ते यासाठीच. वाळके झाड तोडून काठ "स्वच्छ" करण्याचा प्रस्ताव आला की हे ठणकावून सांगता आले पाहिजे.

फळावर आलेला वड, पिंपळ किंवा उंबर दिसला तर त्याच्याखाली वीस मिनिटे द्या. पानांच्याच रंगाचे हरियाल, आपला राज्यपक्षी, आधी दिसतच नाहीत. एखादे फळ खाली पडते, मग नजर वर जाते आणि एकामागून एक वीस-पंचवीस पक्षी उलगडतात. त्याच झाडावर तांबट, राखी धनेश, हळद्या.

आता जंगल. व्याघ्र प्रकल्पात जायचे ते नोंदणी केलेल्या गाडीतून आणि मार्गदर्शकासोबत. मार्गदर्शकाला निघतानाच सांगा, "आम्हाला वाघाची घाई नाही, पक्ष्यांसाठी थांबत थांबत जाऊ या." बहुतेकांना आनंदच होतो, आणि ते तुम्हाला रानपिंगळ्याची ठरलेली ढोलीही दाखवतात. बाहेरच्या जंगलात पायी फिरायचे असेल तर परवानगी आणि स्थानिक माणूस दोन्ही हवेत. मार्च-एप्रिलात मोहफुले गळतात तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी मोहाखाली अस्वले येतात. त्या वेळी मोहाच्या झाडांकडे एकट्याने जाऊ नये, हे गावातला प्रत्येक माणूस सांगेल. ते ऐका.

जंगलात पाण्याच्या पट्ट्यांऐवजी उंचीचे मजले पाडायचे. जमिनीवर पालापाचोळा उलटणारे सातभाई आणि रानकोंबडी. झुडपांत आणि बांबूत शामा, बुलबुल, वटवटे. बुंध्यावर सुतार आणि शिलींध्री. सुतार खालून वर चढतो, शिलींध्री डोके खाली करून उतरते, आणि त्यामुळे एकाच सालीतले वेगवेगळे किडे दोघांना दिसतात. मधल्या फांद्यांवर नाचण आणि स्वर्गीय नर्तक, विशेषतः ओढ्याकाठी. शेंड्यावर निखार, हळद्या, सुभग.

नवख्याला जंगल रिकामे वाटते, कारण अर्धा-पाऊण तास एकही पक्षी दिसत नाही आणि मग एकाच झाडावर पंधरा दिसतात. हिवाळ्यात किडे खाणारे पक्षी मिश्र थव्याने फिरतात. पंचवीस-तीस पक्षी, आठ-दहा जाती, एकत्र पुढे सरकतात. किडे हुसकावले जातात, आणि शिकारी पक्ष्यावर लक्ष ठेवायला डोळेही जास्त मिळतात. कोतवाल आणि भृंगराज या थव्यात हमखास असतात. ते इतरांनी उडवलेले किडे हवेतच पकडतात. भृंगराज तर धोक्याचा इशारा देतो तेव्हा सगळे सावध होतात, आणि कधी कधी खोटाच इशारा देऊन दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो.

म्हणून जंगलातला नियम असा की कोतवालाचा आवाज आला की गाडी थांबवायची आणि इंजिन बंद. थवा तुमच्या दिशेने येत असेल तर त्याच्या पुढे जाऊ नका, त्याला तुमच्यावरून जाऊ द्या. पक्षी इतक्या भराभर हलतात की प्रत्येकाचे नाव लावायला वेळ मिळणार नाही. तेव्हा वहीत असे लिहा: "शेंडा, नर लाल-काळा, मादी पिवळी, पाच-सहा, सतत पुढे." परतल्यावर ही ओळ वाचली की निखार पाच मिनिटांत सापडतो. "सुंदर लाल पक्षी" लिहिले असेल तर सापडत नाही.

मर्लिनवर आवाज ओळखायला लावा, पण त्याने दाखवलेले नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि अ‍ॅपला ते कळेलच असे नाही. पक्षी बाहेर यावा म्हणून फोनवरून त्याचा आवाज वाजवणे तर पूर्ण टाळा. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो खाणे सोडून भांडायला येतो, आणि विणीच्या काळात घरटे उघडे पडते.

छोटे पक्षी एका झाडाभोवती जमून सारखा कलकलाट करत असतील तर झाडाच्या मधल्या भागात, बुंध्याला चिकटून पाहा. बहुतेक वेळा रानपिंगळा किंवा एखादे मोठे घुबड तिथे डोळे मिटून बसलेले असते. दोन मिनिटे पाहा, फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्या आणि निघा.

फेब्रुवारीत असाल तर फुललेल्या पळसाला वेगळा वेळ काढा. शिंजीर, मैना, बुलबुल, कोतवाल, हरेवा, सगळे मधासाठी येतात. कपाळ केशरी परागाने माखलेला बुलबुल एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो तेव्हा पळसाचे बी कसे धरते ते समोरच दिसते. पळसमैनांचा गुलाबी-काळा थवा आला तर झाडाचा रंगच बदलतो.

दुपार आणि संध्याकाळ

बारा ते तीन विश्रांती घ्या. एवढ्या वेळात आकाशाकडे मात्र अधूनमधून पाहत राहा. हवा तापली की सर्पगरुड आणि इतर शिकारी पक्षी घिरट्या घालत वर चढतात आणि सर्पगरुडाची लांब शीळ खाली ऐकू येते.

साडेतीनला पुन्हा तलाव, आता सकाळच्या उलट काठावर. कवड्या खंड्या याच वेळी चांगला दिसतो. पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, आणि दगडासारखा सरळ पडतो. पाचच्या पुढे बगळे, पाणकावळे आणि अडई यांचे थवे रातथाऱ्याकडे निघतात. एका ठरलेल्या दिशेला पाहत बसा आणि दर दहा मिनिटांनी किती गेले ते लिहा. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडण्यापूर्वी रस्त्यावर या.

त्याच रात्री करायची नोंद

तलावाची आणि जंगलाची यादी वेगवेगळी करा. वेळ, चाललेले अंतर, हवामान आणि पाण्याची पातळी लिहा. ईबर्डवर नोंद करताना ओळखलेला प्रत्येक पक्षी घाला, कावळा-साळुंकीसुद्धा. फक्त दुर्मीळ पक्षी लिहिलेली यादी अभ्यासाला फारशी उपयोगी पडत नाही. ओळख पटली नाही त्याला तसेच लिहा, "बदक, जात ठरली नाही, ६". घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नका, विशेषतः घुबडांची आणि सारसांची.

तलावाबद्दलही दोन ओळी लिहा. बेशरमाची झुडपे कोणत्या काठाला वाढली, कमळ-पाणवनस्पती उरल्यात की सगळे जलपर्णीने झाकले, प्लास्टिक कुठे अडकले. बेशरमाने काठ व्यापला की चिखलाचा आणि कमळाचा पट्टा जातो, आणि त्या पट्ट्यातले पक्षी जातात, पाणी तेवढेच राहिले तरी. गोंदिया-भंडाऱ्यात ढीवर समाजातल्या लोकांनी काही मामा तलावांतून बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. तिथे माशांबरोबर पक्षीही परतले. तुमच्या नोंदी अशा कामाला आधार देतात, म्हणून त्या गावच्या मत्स्य संस्थेलाही दाखवा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

गोंदिया शहराच्या आसपासच्या परसवाडा आणि झिलमिली तलावांकडे जा. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, तेही थोडके. माणसाच्या उंचीचा, राखी अंगाचा, लाल मानेचा हा पक्षी जगातला सर्वांत उंच उडणारा पक्षी आहे, म्हणजे उभा राहिला की इतर कोणत्याही उडणाऱ्या पक्ष्यापेक्षा उंच. भाताच्या बांध्यांत तो जोडीने चरतो आणि पावसाळ्यात तिथेच किंवा तलावाच्या उथळ भागात घरटे करतो. त्याला रस्त्यावरूनच, गाडीच्या आडून पाहा. शेतात उतरायचे तर आधी मालकाला विचारा. धान उभे असेल तर विचारूही नका, रस्त्यावरच थांबा. सारसाने चालणे थांबवून मान ताठ केली आणि तुमच्याकडे पाहिले की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आला आहात, तेव्हा पंचवीस-तीस पावले मागे या आणि तो पुन्हा चरू लागेपर्यंत हलू नका.